वाढीव मार्क राहू द्या, वेळापत्रकात नाचाला तास द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. मी नाशिकला सिडकोत कथकचा क्लास घेते, घरातल्याच हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून. फोन करणाऱ्या आया मुलीला नाच आवडतो का, तिला किती वेळ झेपेल, हे काही बोलत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, मुलगी आत्ता सहावीत गेलीय, दहावीपर्यंत पाच परीक्षा बसतील ना?" प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, सगळा हिशोब बोटांवर तयार असतो, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला असतो. सातवीत गेलेल्या मुलीची आई असेल तर आवाजात घाई असते, एका वर्षात दोन बसवता येतील का म्हणून.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. शास्त्रीय नृत्य, गायन, वादन यांच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या ठराविक परीक्षा पास असलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव मार्क मिळतात, दहा-पंधरा मार्कांचा मामला आहे. चित्रकलेलाही मिळतात आणि लोककलेलाही. योजना ज्यांनी आणली त्यांचा हेतू चांगलाच होता, खेळाडूंना मिळतात तर कलाकारांना का नाही, हे बरोबरच आहे. आणि खरं सांगायचं तर त्या मार्कांच्या जोरावर माझ्यासारख्यांचे क्लास भरले, हे मी कशाला नाकारू. पण इतकी वर्षं हे जवळून बघून माझं मत असं झालंय की या मार्कांनी नाचाला शाळेत आणलं नाही, उलट शाळेच्या बाहेर कायमचं बसवून टाकलं. शाळा म्हणते तुम्ही बाहेरून शिकून या, बाहेरून परीक्षा द्या, सर्टिफिकेटची झेरॉक्स आमच्याकडे जमा करा, आम्ही बोर्डाला पाठवतो. यात शाळेनी काय शिकवलं? काहीच नाही. शाळा इथे फक्त पोस्टमनचं काम करते.

आणि झेरॉक्स जमा झाली की काय होतं तेही सांगते. निम्म्या पोरी दिसेनाशा होतात. चार-पाच वर्षं शिकलेल्या, आत्ता कुठे पाय तयार होत आलेल्या, आता खरी मजा सुरू होणार अशा टप्प्यावरच्या मुली. आई म्हणते अकरावी-बारावी महत्त्वाची आहे हो, नंतर बघू. नंतर कोणी बघत नाही. घुंगरू धाकट्या बहिणीला, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर "विकणे आहे".

याच्या शेजारी चित्रकला ठेवून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा कला संचालनालय घेतं आणि मुलं त्याला बसतात ती शाळेतर्फे. कित्येक शाळांत ड्रॉइंगचे सर असतात, नाहीतर निदान होते, वेळापत्रकात ड्रॉइंगचा तास असतो, एखादी ड्रॉइंग रूम असते जिथे पोस्टर कलरचा वास येतो. ज्या मुलाच्या बापाने आयुष्यात कधी क्लासची फी भरली नाही तो मुलगा सुद्धा शाळेतल्या सरांकडून स्थिरचित्र शिकून इंटरमिजिएटला ए ग्रेड काढतो. नाचाच्या बाबतीत असा एक तरी मुलगा दाखवा. नाहीच सापडणार, कारण नाच शिकायचा तर महिन्याची फी, परीक्षेची फी, घुंगरू, परीक्षेला घालायचा ड्रेस, आणि सिडकोतून कॉलेज रोडला किंवा नाशिकरोडहून गंगापूर रोडला मुलीला नेणारा-आणणारा कोणीतरी घरात मोकळा पाहिजे. म्हणजे हे वाढीव मार्क शेवटी जातात कोणाकडे? ज्यांच्याकडे ट्यूशनही आहे, गाडीही आहे आणि आधीच नव्वद टक्के आहेत त्यांच्याकडे.

शाळेत नाच नाही असं कसं म्हणता, गॅदरिंग असतं की, असं मला एका मुख्याध्यापकांनी ऐकवलं होतं. गॅदरिंगचं तर मी पुस्तक लिहीन. डिसेंबर आला की शाळांचे फोन येतात, "मॅडम आठ दिवसांत चार डान्स बसवून द्या, थीम आहे भारताची विविधता." आठ दिवस, त्यातले दोन दिवस युनिट टेस्टचे, जागा म्हणजे कॉरिडॉर नाहीतर ग्राउंडवर ऊन उतरल्यावर, एका डान्समध्ये चाळीस पोरं कारण प्रत्येक आईला आपलं पोरगं स्टेजवर दिसलं पाहिजे. पुढच्या ओळीत गोऱ्या-उंच मुली उभ्या करायच्या ही सूचना सुद्धा येते, तोंडावर येते. अशाच एका शाळेत मागच्या ओळीत एक मुलगा होता, आठवीतला, काळा-बारीक, शर्टाची दोन बटणं गेलेली. गाणं लावलं की बाकी एकोणचाळीस पोरं माझ्या हाताकडे बघायची आणि हा डोळे मिटून उभा असायचा, मला वाटलं कंटाळलाय. मग एकदा लाईट गेली, स्पीकर बंद पडला आणि सगळी पोरं जागच्या जागी थांबली, तर हा एकटा पुढच्या दोन ओळी गाण्याशिवाय नाचून बरोबर ठेक्यावर थांबला. तेवढी पक्की लय पाच-पाच वर्षं शिकलेल्या मुलींकडे नसते हो. त्याच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं तर म्हणाल्या, "हो का? वर्गात तर फार वांड आहे." गॅदरिंग झालं, नारळ आणि पाकीट देऊन माझी बोळवण झाली. त्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही, नाच हा त्या शाळेत विषयच नव्हता तर कोण कोणाला विचारणार.

नववी-दहावीला स्व-विकास व कलारसास्वाद म्हणून एक विषय आहे, बालभारतीचं पुस्तक आहे, त्याला मार्क नाहीत, श्रेणी असते. मी माझ्या क्लासमधल्या मुलींना विचारलं की त्या तासाला काय करता, तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. गणिताचे सर मागून घेतात तो तास. श्रेणी मात्र सगळ्यांना मिळते.

आता लोक म्हणतात नाचात अभ्यास करण्यासारखं आहे काय, उड्या मारायच्या आणि हसायचं. म्हणून एकच उदाहरण देते, जरा बारकाईने. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा मोजून झाले की एक आवर्तन पुरं, परत पहिल्यापासून. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा घ्यायचा आणि तिसऱ्या वेळी शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. समेपासून निघालात तर समेपर्यंत मोजून सतरा. लहान मुलींना मी आधी आकड्यांचीच तिहाई देते. एक दोन तीन चार पाच, एक मात्रा गप्प, परत एक दोन तीन चार पाच, परत एक मात्रा गप्प, परत पाच. पाच त्रिक पंधरा आणि मधल्या दोन, झाल्या सतरा, पाय समेवर. मग मी म्हणते आता चारचा तुकडा घ्या. इथे वर्गात शांतता होते. तीन वेळा चार बारा, उरल्या पाच, आणि जागा दोनच, मग प्रत्येक जागी अडीच मात्रा थांबायचं. अर्धी मात्रा थांबणं म्हणजे काय ते पायाला कळायला आठ-आठ दिवस जातात. एक मुलगी म्हणाली मला अडीच नाही जमत, मी एकच मात्रा थांबते पण सुरुवात चौथ्या मात्रेपासून करते, चालेल का. मी बोटांवर मोजलं, बरोबर! चौथीपासून निघून बाई समेवर. ही मुलगी शाळेत गणितात काठावर पास. नववीच्या बीजगणितात दोन चलांतली रेषीय समीकरणं असतात ना, तीन क्ष अधिक दोन य बरोबर सतरा, तेच ती पायाने सोडवत होती आणि तिला कोणी हे सांगितलंच नव्हतं. (गणित सुधारावं म्हणून नाच शिकवा असं मात्र माझं अजिबात म्हणणं नाही, उगाच कोणी तसा अर्थ काढू नका. मग लोक विचारतील गणितच का नको जास्त शिकवू. नाच नाचासाठीच शिकवायचा.)

आणि हे फक्त तालाचं झालं. पढंत आहे, म्हणजे बोल तोंडाने टाळी देत स्वच्छ म्हणून दाखवायचे. अभिनय आहे, गतभाव आहे, म्हणजे शब्दांशिवाय गोष्ट नाचून दाखवायची, एकाच मुलीने राधाही व्हायचं आणि कृष्णही, आणि मध्ये फक्त एक पलटा. दुसऱ्याचा नाच बघून त्यात काय चाललंय ते ओळखायचं आणि नीट शब्दांत सांगायचं, हे तर आपल्याकडे परीक्षा देणाऱ्या मुलींनाही येत नाही. लेखी पेपरला त्या तालाची माहिती आणि घराण्यांची नावं गाइडमधून पाठ करतात, आदल्या आठवड्यात.

माझी एक भाची इंग्लंडमध्ये असते, तिच्या मुलीने तिथल्या जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, डान्स हा विषय घेतला, गणित, विज्ञान, इंग्रजीच्या जोडीला. मी खोदून खोदून विचारलं कसं काय असतं ते. त्यांच्या बोर्डात ६० टक्के प्रॅक्टिकल, त्यातले ३० स्वतः नाचण्याचे आणि ३० स्वतः नाच बसवण्याचे. बोर्ड काही विषय देतं, एखादं चित्र असेल, एखादी कल्पना असेल, त्यातलं एक निवडून मुलांनी स्वतःची रचना करायची. उरलेले ४० टक्के दीड तासाचा लेखी पेपर, त्यात व्यावसायिक कलाकारांच्या सहा ठरलेल्या नृत्यरचना अभ्यासायच्या असतात, प्रकाशयोजना अशी का, कपडे असे का, इथे दोघंच का नाचतात, हे लिहायचं. त्या सहातली एक रचना व्हीलचेअर वापरणाऱ्या नर्तकांना घेऊन केलेली आहे. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसले. आपल्याकडे ३० टक्के स्वतः बसवण्याचे मार्क ठेवले तर माझ्या विशारद, म्हणजे मध्यमाच्या पुढची परीक्षा, झालेल्या मुली सुद्धा गडबडतील, कारण आम्ही त्यांना आमचंच बसवलेलं नाचायला शिकवलं, चूक-बरोबर तेवढंच सांगितलं. तिकडचं सगळं इकडे आणा असं नाही, त्यांचा नाच वेगळा, आपला वेगळा. पण परीक्षा कशी घेणार बाई नाचाची, हा जो प्रश्न मला प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतात, त्याचं उत्तर जगात कुठेतरी देऊन झालेलं आहे एवढंच.

आणि तिकडे तरी कशाला, सीबीएसईला अकरावी-बारावीत कथक, भरतनाट्यम, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, कथकली हे विषय आहेतच, ७० मार्क प्रॅक्टिकल आणि ३० लेखी. नाशिकमध्ये सीबीएसईच्या शाळांना तोटा नाही, पण मला ओळखीत एकही मुलगी अकरावीला कथक घेतलेली अजून भेटली नाही. विषय यादीत असणं वेगळं आणि शाळेने शिक्षक नेमून तो चालवणं वेगळं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट म्हटलंय की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम, कला आणि विज्ञान, यांच्यात भिंती नकोत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीलाही कला शिक्षण हा विषय धरलाय, त्यात नृत्य आलं. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये, कागदावर सगळं आहे.

आता नाशिकचंच बोलते, कारण आपल्या जिल्ह्याएवढा नाच आजूबाजूला फार कमी ठिकाणी असेल. शहरात कथकची परंपरा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कालिदास कलामंदिरात कार्यक्रम होतात, चांगले गुरू आहेत. पण सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाणकडे जा. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाला पावरी या वाद्याच्या सुरावर रात्र-रात्र फेर धरतात, सोंगी मुखवटे आहेत, बोहाडा आहे, जड लाकडी मुखवटा डोक्यावर घेऊन संबळाच्या तालावर माणसं नाचतात. तिथली मुलं चालायला लागली की नाचतात. ही मुलं आश्रमशाळेत येतात आणि तिथे त्यांना सांगितलं जातं बस खाली, अभ्यास कर. मग ९ ऑगस्टला आदिवासी दिनाला पाहुण्यांसमोर नाचायला उभं करतात, तेवढ्यापुरतं. लोककलेलाही वाढीव मार्क आहेत ना, मग त्यांना मिळत असतील, असं कोणी म्हणेल. मिळायला कागद लागतो. कोणत्या संस्थेतर्फे किती प्रयोग केले याचा. डोंगऱ्या देवाच्या फेरात नाचलं म्हणून सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट कोण देणार? देव देणार का? नाच शाळेतला विषय असता तर याच मुलांच्या बापाला, आज्याला शाळेने पावरी घेऊन बोलावलं असतं, मानधन देऊन, आणि परीक्षकासमोर ही मुलं पहिल्या दिवसापासून पुढे असती. माझ्या सिडकोच्या मुली त्यांच्या मागे उभ्या राहून शिकल्या असत्या. मला फार बघायचंय ते.

मुलगे नाचत नाहीत हीसुद्धा एक तक्रार. माझ्याकडे मुलगे येतात आणि सहावी-सातवीत गळतात, वर्गात चिडवतात म्हणून. आणि हीच पोरं गणपतीच्या आधी दोन-दोन महिने ढोल पथकाच्या सरावाला जातात, कमरेला ढोल बांधून, हाताला फोड येईपर्यंत. लय आहे, ताकद आहे, रोज येण्याची शिस्त आहे, फक्त त्याला नाच म्हटलं की घरच्यांचा चेहरा बदलतो. जे सगळ्या वर्गाला कंपल्सरी असतं त्यावरून चिडवत नाहीत, पीटीच्या तासाला कोणी कोणाला चिडवतं का.

अडचणी मला माहीत आहेत, क्लास चालवते म्हटल्यावर रोजच बघते. जागेचं म्हणाल तर शहाबादी किंवा सिमेंटच्या फरशीवर तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, करून नडग्या धरतात, गुडघे जातात, निदान जाड मॅट पाहिजे. शिक्षकांचं म्हणाल तर विशारद-अलंकार झालेल्या, पुण्याच्या विद्यापीठातून ललित कला केंद्रात नाचाची पदवी घेतलेल्या मुली आहेत, पण त्यांना शाळेत नेमायचं कोणत्या पदावर हेच ठरलेलं नाही. तासिका तत्त्वावर बोलावतात आणि मानधन असं देतात की रिक्षाभाडं सुटणं मुश्किल. आणि सगळ्यात मोठा आक्षेप आमच्याच क्षेत्रातले ज्येष्ठ लोक घेतात, की गुरूसमोर बसून शिकायची विद्या ही, चाळीस पोरांच्या वर्गात आणली की तिची भेळ होईल. त्यांना मी एवढंच म्हणते की विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाण्याबद्दल हेच बोललं जात होतं. वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपी, परीक्षा, हे सगळं त्यांनी गाण्याला लावलं. वर्गातून प्रत्येक जण गवई होईल अशी अपेक्षा नव्हतीच, ऐकणारे तयार झाले हे केवढं मोठं काम झालं. आज ज्या परीक्षांच्या मार्कांसाठी आपण धावतो त्या त्यांच्याच शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या. आणि हे पलुस्कर पुढे आपल्या नाशिकलाच येऊन राहिले होते, रामनाम आधार आश्रम त्यांनी इथेच काढला. निदान नाशिककरांनी तरी भेळेची भीती घालू नये.

मिस्टर म्हणाले हे पत्र छापून आलं आणि खरंच शाळेत नाच सुरू झाला तर तुझा क्लास बंद पडेल. पडू दे, मी शाळेत नोकरीला लागेन, पीएफ तरी कापला जाईल.

तर मागणी अशी. सगळ्या राज्याचं राहू द्या, अभ्यासक्रम ठरवणारे ठरवतील तेव्हा ठरवतील. महापालिकेच्या शिक्षण विभागाने आपल्या पाच-सहा माध्यमिक शाळांत आठवी-नववीला आठवड्याला दोन तास नाचाला द्यावेत, दिवाळीनंतरच्या सत्रापासून. घुंगरू लागत नाहीत सुरुवातीला, ड्रेस लागत नाही, लेहऱ्याचं, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या सुरावटीचं, अ‍ॅप मोबाईलवर फुकट मिळतं, एक स्पीकर आणि एक मॅट घातलेली खोली द्या. आश्रमशाळांसाठी आदिवासी विकास विभागाने वेगळा विचार करावा, तिथे शिकवणारे शहरातून पाठवायची गरज नाही, ते गावातच आहेत, त्यांनाच नेमा. वाढीव मार्क लगेच बंद करा असंही मी म्हणत नाही, पण ते शाळेत शिकलेल्या मुलालाही मिळतील आणि त्याची परीक्षा शाळेतच, ड्रॉइंगसारखी होईल, एवढं करा. शहरातल्या नृत्यशिक्षकांची एक बैठक बोलवा, कथकवाले, भरतनाट्यमवाले, लावणीवाले, ढोल पथकवाले सगळे. मी येईन, फक्त रविवार सोडून ठेवा, रविवारी माझ्या तीन बॅच असतात.

आपली,
एक कथक शिक्षिका
सिडको, नाशिक